वेग उतरवताना: ब्रेक, क्लच आणि गिअर यांचा मेळ

साठच्या वेगाने पाचव्या गिअरमध्ये मोटरसायकल चालली आहे आणि समोरचा सिग्नल पिवळा झाला. या क्षणी तुमचा डावा हात काय करतो, ते एकदा नीट पाहा. बहुतेकांचा डावा हात सगळ्यात आधी हलतो. क्लच गच्च दाबला जातो आणि गाडी मोकळी सुटल्यासारखी घरंगळत राहते. मग उजवा पाय ब्रेकवर पडतो, पुढच्या ब्रेकची आठवण शेवटी कधीतरी होते आणि गाडी उभी राहिल्यावर टक-टक-टक करत गिअर पाडायला सुरुवात होते. नेमका दुसरा गिअर अडकतो, पहिला पडत नाही, तोवर सिग्नल हिरवा होतो.

मीही कित्येक वर्षं अशीच गाडी चालवत होतो. गाडी थांबायची, त्यामुळे यात काही चुकतंय असं कधी वाटलं नाही. पण थांबणं आणि ताब्यात राहून थांबणं यांत किती अंतर आहे, ते एखाद्या दिवशी अचानक कळतं आणि त्या दिवशी शिकायला वेळ नसतो. म्हणून हे सगळं आधी, निवांत असताना शिकून घ्यावं.

दोन वेगळी कामं

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा: वेग कमी करण्याचं काम ब्रेकचं आहे. गिअर उतरवायचा तो त्या-त्या क्षणीच्या वेगाला साजेसा गिअर हाताशी असावा म्हणून. सिग्नल मध्येच हिरवा झाला, मागचा ट्रक थांबेल असं दिसेना, बाजूला सटकायची वेळ आली, तर मूठ (अ‍ॅक्सिलरेटर) पिळताच गाडीने ओढ घेतली पाहिजे. पाचव्या गिअरमध्ये वीसच्या वेगाने क्लच दाबून घरंगळणारी गाडी ती ओढ घेऊ शकत नाही. त्या क्षणी तुमच्याकडे फक्त ब्रेक आणि नशीब उरतं.

याच्या उलट सवयीचेही लोक भेटतात. ते ब्रेकला हातच लावत नाहीत, एकामागून एक गिअर पाडत, इंजिनला ओरडायला लावून गाडी थांबवतात आणि याला ब्रेक वाचवणं म्हणतात. मला हे पटत नाही. ब्रेकचे पॅड झिजण्यासाठीच बनवलेले असतात आणि ते बदलणं हे साधं काम आहे. क्लच प्लेट, चेन, स्प्रॉकेट आणि गिअरबॉक्स यांना रोज हिसके दिले तर त्यांची दुरुस्ती त्याहून कितीतरी मोठी निघते. शिवाय नुसत्या गिअरने वेग कमी केला तर मागचा ब्रेक लाइट लागत नाही. तुम्ही मंदावताय हे मागून येणाऱ्याला कळायला काही मार्गच राहत नाही. त्यामुळे गिअरने वेग उतरवत असाल तेव्हाही ब्रेक हलकासा दाबून दिवा लागेल एवढं बघा.

पुढच्या ब्रेकची भीती

“पुढचा ब्रेक दाबू नको, उलटशील” हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने पहिली सायकल शिकताना ऐकलेलं असतं. मोटरसायकलवर हीच शिकवण घातक ठरते. ब्रेक लागताच गाडीचा आणि तुमचा भार पुढच्या चाकाकडे झुकतो. फोर्क (पुढच्या चाकाचे शॉक-अब्सॉर्बर) दबतात, पुढचा टायर रस्त्यावर घट्ट चेपला जातो आणि मागचा हलका होतो. टायरची पकड त्याच्यावरच्या भारानुसार वाढते-घटते. त्यामुळे कोरड्या चांगल्या रस्त्यावर जोरात थांबताना बहुतेक सगळं काम, दहातले आठ-नऊ भाग म्हणा, पुढचा ब्रेकच करतो. फक्त मागच्या ब्रेकवर थांबणारा माणूस गाडीच्या थांबण्याच्या ताकदीचा मोठा हिस्सा वापरतच नाही. शिवाय मागचं चाक आधीच हलकं झालेलं असल्याने ते पटकन जाम होतं.

मग पुढच्या ब्रेकने लोक पडतात ते का? ते पडतात ब्रेक झडप घातल्यासारखा दाबल्यामुळे. भार पुढे सरकायला क्षणभर वेळ लागतो. तो सरकण्याआधीच पूर्ण जोर लावला, तर अजून न चेपलेल्या टायरवर सगळा ताण येतो, चाक जाम होतं आणि हॅंडल हातातून जातं. म्हणून लिव्हर दोन टप्प्यांत दाबायचा. पहिल्या टप्प्यात लिव्हरची मोकळी चाल संपवून पॅड डिस्कला नुसते टेकवायचे. फोर्क जरा खाली बसल्याचं हाताला जाणवलं की दुसऱ्या टप्प्यात जोर वाढवत न्यायचा. ओला स्पंज पिळताना हात जसा सुरुवातीला हलका आणि मग घट्ट होतो, तसाच हा दाब. दोन्ही टप्पे मिळून अर्धा सेकंदसुद्धा लागत नाही, पण हा क्रम मोडून चालत नाही.

शेवटही सुरुवातीइतकाच महत्त्वाचा आहे. गाडी थांबायच्या बेतात आली की लिव्हरवरचा जोर थोडा-थोडा सैल करा. तसाच घट्ट धरून ठेवला तर दबलेले फोर्क गाडी थांबल्या क्षणी उसळी घेतात आणि मागे बसलेल्याचं डोकं तुमच्या हेल्मेटवर आपटतं. मागचा ब्रेक मात्र शेवटपर्यंत धरलेला असू द्या, कारण अगदी कमी वेगात तोच गाडीला स्थिर ठेवतो.

वेग आणि अंतराचा हिशेबही एकदा पाहून ठेवावा. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर, सवयीच्या हाताने ब्रेक लावला आणि दर सेकंदाला वेग ताशी २५ किलोमीटरने कमी झाला असं धरू. ४० च्या वेगातून थांबायला सुमारे ९ मीटर लागतात, ६० मधून २० मीटर आणि ८० मधून ३६ मीटर. वेग दुप्पट झाला की अंतर चौपट होतं. यात धोका दिसून हात हलेपर्यंतचा एक सेकंद धरलेला नाही. त्या एका सेकंदात ६० च्या वेगाची गाडी जवळपास १७ मीटर पुढे गेलेली असते आणि ८० ची २२ मीटर. गर्दीत एक-दोन बोटं ब्रेक लिव्हरवर टेकवून ठेवा असं अनुभवी लोक सांगतात ते यासाठीच. त्या सेकंदातला काही हिस्सा तरी वाचतो.

इंजिन गाडीला मागे कसं ओढतं

मूठ सोडली की इंजिनात येणारी हवा अडते. पिस्टनला त्या पोकळीविरुद्ध खेचावं लागतं, शिवाय आतल्या सगळ्या भागांचं घर्षण असतंच. हा विरोध गिअरबॉक्स आणि चेनमार्फत मागच्या चाकापर्यंत पोचतो आणि चाक मंदावतं. गिअर जितका खालचा, तितका हा विरोध वाढून चाकाला मिळतो. एका मोठ्या सिलिंडरच्या चार-स्ट्रोक गाडीत तो चांगलाच जाणवतो, दोन-स्ट्रोक गाडीत अगदी थोडा.

इंजिनाची ही ओढ फक्त मागच्या चाकावर येते आणि पुष्कळ अपघातांचं मूळ इथेच आहे. ब्रेक लागल्यामुळे मागचं चाक आधीच हलकं झालेलं असतं. त्याच वेळी वेग जास्त असताना खालचा गिअर टाकून क्लच फटकन सोडला, तर इंजिनला एका क्षणात कितीतरी जास्त फेरे घ्यावे लागतात. ते फेरे घेण्यासाठी लागणारी ताकद इंजिन मागच्या चाकाकडूनच ओढून घेतं. चाक फरफटतं, टण्-टण् उडतं किंवा आडवं सरकतं. माझ्या बाबतीत हे एकदा ओल्या रस्त्यावर झालं. चौथ्यातून दोन गिअर एकदम पाडले, क्लच सोडला आणि गाडीची शेपूट डाव्या बाजूला निघाली. मागच्या ब्रेकवर माझा पाय नव्हताच. चाक ब्रेकने जाम झालं असतं तर पाय उचलता आला असता, पण इथे नेमकं काय सोडायचं तेच सुचेना. क्लच पुन्हा दाबायला हवा होता, हे घरी पोचल्यावर समजलं. गाडी कशीबशी सावरली, पण तो धडा हातात कायमचा बसला.

एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, असलेल्या गाडीच्या मालकांनी हे विशेष लक्षात ठेवावं. १९८८ साली बीएमडब्ल्यूने के१०० मोटरसायकलवर इलेक्ट्रॉनिक एबीएस आणलं आणि आज ते कितीतरी गाड्यांवर असतं. पण एबीएस ब्रेकचा दाब कमी-जास्त करतं. क्लच फटकन सोडल्यामुळे इंजिनाने जाम केलेलं चाक साधं एबीएस सोडवू शकत नाही, कारण तिथे सैल करण्यासारखा ब्रेकचा दाबच नसतो. स्लिपर क्लच असेल तर असा उलटा झटका आला की क्लच स्वतःच थोडा निसटतो आणि झटका बराच मऊ होतो. ही सोय उत्तम आहे. पण तिच्या भरवशावर हाताला आळशी सवय लागली, तर दुसऱ्याची साधी गाडी चालवताना ती महागात पडते.

सिग्नलपर्यंत, क्रमाने

आता पुन्हा त्या पिवळ्या सिग्नलकडे येऊ. वेग ६०, गिअर पाचवा, अंतर भरपूर.

आधी आरसा. मागे कोण आहे आणि किती जवळ आहे, हे एका नजरेत पाहा. मूठ पूर्ण बंद करा, पण क्लचला अजून हात लावू नका. सुरुवातीचा वेग इंजिनच उतरवू लागेल.

मूठ बंद होते त्याच हालचालीत उजव्या हाताची बोटं ब्रेक लिव्हरवर येतात. पुढचा ब्रेक वर सांगितल्याप्रमाणे दोन टप्प्यांत लावा. त्याच्या जोडीला, किंवा किंचित आधी, मागचा ब्रेक हलका. पायाचा जोर सुरुवातीला थोडा जास्त चालतो. भार पुढे गेल्यावर तो कमी करायचा.

वेग साधारण ४५ वर आला आणि इंजिनाचा आवाज जड होऊ लागला की पहिल्यांदा गिअर उतरवायचा, पाचव्याचा चौथा. क्लच दाबा, गिअरचा लिव्हर एकदाच खाली, क्लच सोडा. तेवढ्या वेळात उजव्या हाताचा ब्रेक तसूभरही हलता कामा नये. सगळ्यात कठीण हेच आहे. डावा हात क्लच दाबतो तेव्हा उजवा हातही नकळत आवळतो किंवा सैल होतो. दोन्ही हात वेगळे वागायला शिकले की या कलेचा अर्धा भाग जमला असं समजा. क्लच सोडताना शेवटच्या निम्म्या चालीत हात मंद करा. गाडीने हिसका दिला तर तुम्ही लवकर सोडलात किंवा गिअर लवकर पाडलात, दोन्हींपैकी एक.

मग याच लयीत चौथ्याचा तिसरा आणि तिसऱ्याचा दुसरा. दर वेळी वेग थोडा उतरू द्यायचा, मगच पुढचा गिअर. कोणत्या वेगाला कोणता गिअर हे गाडीगणिक बदलतं, म्हणून माझे आकडे पाठ करू नका. तुमच्या गाडीचं इंजिन कुठे गुरगुरायला लागतं, कुठे फुटरेस्टमधून धडधड जाणवते, ते ओळखा. ती धडधड सुरू होण्याच्या जरा आधी गिअर उतरवायचा, हा माझा स्वतःचा नियम आहे. आणि गिअर पाडल्यावर इंजिन किंचाळलं, तर तुम्ही घाई केली हे इंजिनच सांगतं.

दुसऱ्या गिअरमध्ये वेग १५ च्या आसपास आला की क्लच पूर्ण दाबा. आता इंजिन चालू राहण्याइतका वेग उरलेला नसतो. क्लच दाबलेलाच ठेवून पहिला गिअर टाका. चाकं अजून फिरत असताना टाकला तर तो सहज बसतो. मोटरसायकलच्या गिअरबॉक्समध्ये गिअरचे दाते एकमेकांच्या खाचांत शिरावे लागतात. गाडी उभी असली आणि दाते नेमके समोरासमोर आले, तर कितीही पाय मारला तरी गिअर पडत नाही. तसं झालंच तर क्लच किंचित सोडून पुन्हा दाबा किंवा गाडी जरा पुढे-मागे हलवा. मग पायाने ढकलताच गिअर बसेल. लिव्हरवर उड्या मारू नका.

थांबताना नजर समोर, दूर. पुढच्या चाकाकडे पाहिलं की गाडी डुलते. डावा पाय जमिनीवर, उजवा ब्रेकवर. थांबल्यावरही थोडा वेळ पहिला गिअर आणि दाबलेला क्लच तसाच ठेवा आणि आरशात पाहत राहा. मागे एखादी गाडी येऊन थांबली की मग हवं तर न्यूट्रल. त्याआधी न्यूट्रल करून हात मोकळे सोडणं मला धोक्याचं वाटतं, कारण मागून कोणी भरधाव आलं तर बाजूला सरकायला तुमच्याकडे काहीच नसतं.

हे सगळं पहिला गिअर खाली आणि बाकीचे वर असलेल्या गाडीचं झालं. काही गाड्यांत सगळे गिअर एकाच दिशेने पडतात आणि उतरवताना टाच वापरावी लागते. क्रम तोच, पायाची हालचाल उलट. गाडी बदलली की पहिले काही दिवस हे मनात घोळवूनच निघावं.

इंजिनचा वेग जुळवणं

हळू सोडलेल्या क्लचवर रोजचं काम भागतं. पण त्याहून सुबक पद्धत आहे आणि ती जमली की गाडी चालवण्याची मजाच बदलते. खालच्या गिअरमध्ये त्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं. वरच्या गिअरांमध्ये हा फरक साधारण पाचवा हिस्सा ते पाव असतो, म्हणजे पाचव्यात इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा मिनिटाला ४००० वर असेल तर चौथ्यात तो ५००० च्या जवळ जाईल. दुसऱ्यातून पहिल्यात उतरताना तर फेरे जवळपास दीडपट होतात. पहिल्या गिअरचा झटका सगळ्यात जोरात बसतो तो त्यामुळे.

हे जास्तीचे फेरे चाकाने इंजिनला द्यावेत, यापेक्षा तुम्हीच दिले तर झटका राहतच नाही. क्लच दाबलेला असताना मूठ मनगटाने किंचित फिरवून लगेच सोडायची, त्याच क्षणी गिअर खाली, आणि क्लच सोडायचा. इंजिनाचा छोटासा “व्रूम” विरायच्या आत क्लच सुटला पाहिजे. मूठ किती फिरवायची याचं माप सांगता येत नाही, ते कानाला कळतं. क्लच सोडल्यावर गाडीने पुढे उडी मारली तर रेस जास्त झाली, मागे ओढली तर कमी पडली. काहीच जाणवलं नाही तर बरोबर जुळली.

सुरुवात ब्रेकशिवाय करा. मोकळ्या सरळ रस्त्यावर चौथ्यातून तिसरा, पुन्हा चौथा, पुन्हा तिसरा, एवढंच. आठवडाभराने ब्रेक त्यात आणा. त्यासाठी ब्रेकवर तर्जनी आणि मधलं बोट असू द्या, बाकी दोन बोटं आणि अंगठा मुठीवर. ब्रेकचा दाब तोच ठेवून मूठ फिरवणं सुरुवातीला अशक्य वाटतं. ब्रेक झटक्याने कमी-जास्त होतो आणि गाडी मान डोलावत राहते. असं होत असेल तर तेवढ्यापुरता रेसचा नाद सोडा आणि क्लच हळू सोडा. ब्रेकचा दाब आधी, गिअरची सफाई नंतर. ज्यांच्या गाडीला पुढचा ब्रेक चार बोटांनी ओढावा लागतो, त्यांनी तर हे मुळीच करू नये.

अचानक समोर काही आलं तर

वरचं सगळं वेळ हाताशी असतानाचं आहे. कुणी आडवं आलं तर गिअरचा विचारही करू नका. मूठ बंद, क्लच आणि दोन्ही ब्रेक एकदमच. पुढचा ब्रेक तोच दोन टप्प्यांचा, फक्त टप्पे झपाट्याने. क्लच आधीच दाबला म्हणजे घाबरून मूठ अर्धवट उघडी राहिली तरी इंजिन गाडीला पुढे ढकलत नाही आणि गाडी बंदही पडत नाही. गुडघ्यांनी टाकी आवळून धरा, म्हणजे अंगाचा भार मनगटांवर येणार नाही. हॅंडल सरळ. जमलं तर गाडी थांबता-थांबता डाव्या पायाने गिअर पाडत पहिल्यापर्यंत आणा, म्हणजे लगेच तिथून निघता येईल. नाही जमलं तरी चालेल.

एबीएस असेल तर लिव्हरला आणि पायाला थरथर जाणवेल. नवखा माणूस त्या थरथरीला घाबरून ब्रेक सोडतो. सोडू नका, तसाच दाबून ठेवा. ते यंत्र आपलं काम करत असतं. एबीएस नसेल आणि पुढचं चाक जाम झालं, तर त्याच क्षणी ब्रेक सोडून पुन्हा हळुवार लावायचा. इथे पाव सेकंदाचा उशीरही चालत नाही. मागचं चाक जाम झालं आणि गाडी सरळ रेषेत असेल तर पाय सैल करा. पण शेपूट बरीच बाजूला निघाली असेल तर पाय उचलू नका. नजर जायच्या दिशेला ठेवून गाडी थांबेपर्यंत ब्रेक तसाच धरा. तिरक्या गाडीच्या चाकाला अचानक पकड मिळाली तर ती झटक्यात सरळ होऊन चालकाला वर फेकते. नुसतं घसरून पडण्यापेक्षा ते पडणं फार वाईट.

वळण, उतार, ओला रस्ता

टायरची पकड ठरावीक असते. वळताना त्यातला एक वाटा वळण्यासाठी खर्च होतो आणि उरलेलाच ब्रेकला मिळतो. म्हणून वेग आणि गिअर दोन्ही वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच उरकून घ्या. वळणात गाडी कलल्यावर गिअर पाडणं टाळा. वेग जास्त आहे हे वळणात शिरल्यावर कळलं तर ब्रेक अगदी हळुवार वाढवा. पूर्ण थांबायचंच असेल आणि जागा असेल तर आधी गाडी सरळ करा, मग जोर लावा.

मोठ्या उतारावर ज्या गिअरमध्ये गाडी तो चढ चढेल, त्याच गिअरमध्ये उतरावी, हा जुना नियम आजही तितकाच खरा आहे. सतत ब्रेक धरून उतरलात तर पॅड, डिस्क आणि ब्रेक ऑइल तापतं. डॉट ४ प्रकारचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतला ओलावा शोषतं आणि पाणी मुरलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते. ऑइल उकळलं की त्यात बुडबुडे होतात आणि लिव्हर पोकळ लागतो. म्हणून उतारावर वेग धरून ठेवायला इंजिन आणि वेग कमी करायला ब्रेक, तोही थोडा वेळ दाबून सोडत. न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून उतरण्याने पेट्रोल वाचतं हा समज सोडून द्या. फ्युएल इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत मूठ बंद असताना, गिअरमध्ये असलेल्या इंजिनाला पेट्रोल जवळजवळ मिळतच नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं.

ओल्या रस्त्यावर सगळं तेच, फक्त लवकर सुरू करा आणि हळुवार करा. गिअर एकेक उतरवा, क्लच आणखी सावकाश सोडा. रंगाचे पट्टे, लोखंडी झाकणं, सांडलेलं तेल आणि बारीक खडी यांवरून जाताना ब्रेक क्षणभर सैल करून पलीकडे पुन्हा धरा. डबल सीट असताना मागचं चाक जास्त चेपलेलं असतं, त्यामुळे मागचा ब्रेक एरवीपेक्षा थोडा जास्त वापरता येतो. पण एकूण वजन वाढल्याने तयारी लवकर हवी.

गिअर नसलेल्या स्कूटरला यातलं ब्रेकचं सगळं लागू आहे. तिथे इंजिनाची ओढ वेग बराच कमी झाला की सुटते, त्यामुळे शेवटचे काही मीटर फक्त ब्रेकवर असतात.

सराव

रिकामं, कोरडं, सपाट मैदान किंवा पटांगण बघा. हेल्मेट, हातमोजे, बूट घाला. खडूने एक रेघ आखा. ३० च्या वेगाने या, रेघेवर पुढचं चाक पोचताच दोन्ही ब्रेक लावून थांबा आणि कुठे थांबलात तिथे खूण करा. दहा वेळा करा. अंतर कमी करण्याच्या मागे लागू नका, दहाही वेळा खुणा जवळजवळ पडल्या पाहिजेत. मग ४०, मग ५०. त्यानंतर गिअरसह: तिसऱ्यात येऊन रेघेपासून थांबेपर्यंत दुसरा आणि पहिला, दोन्ही न हिसकता. थकलात की बंद करा. थकलेल्या हाताने गिरवलेली चूकच सवय बनते.

सराव करूनही क्लचचा हिसका जात नसेल तर गाडी तपासा. क्लच लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळी चाल असावी. ती नसेल तर क्लच घसरतो, जास्त असेल तर पूर्ण सुटत नाही आणि गिअर खडखडत पडतात. चेन सैल असेल तर मूठ बंद-चालू करताना दर वेळी गचका बसतो आणि माणूस उगाच आपल्या हाताला दोष देत राहतो. चेनची ढील किती ठेवायची ते गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. ब्रेक आणि क्लचचे लिव्हर मनगट सरळ राहील अशा कोनात वळवून घ्या. बोटं आखूड असतील आणि लिव्हर जवळ आणायची सोय असेल तर तीही वापरा. ब्रेक ऑइल साधारण दर दोन वर्षांनी बदला, पॅडची जाडी महिन्यातून एकदा वाकून बघा, आणि गाडी धुतल्यावर निघताना पहिल्या शंभर मीटरमध्ये दोन्ही ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून डिस्क कोरड्या करून घ्या.